केतकीचा नवरा

रीता गुल्हानेची 'अंतऱ्यापाशी' ही कादंबरी दिवाळीच्या सुमारास निघाली आणि संक्रांतीपर्यंत तिच्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही. वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रीता अर्थशास्त्र शिकवायची. राहायला सिंदी मेघेत. आधीचे दोन कथासंग्रह असेच निघाले होते आणि असेच विसरले गेले होते, त्यामुळे तिला विशेष वाईटही वाटलं नाही. नागपूरच्या प्रकाशकांना मात्र वाटलं. ते म्हणाले, "परीक्षणं आता कोणी वाचत नाही, मॅडम. रेडिओवर जा. लोक गाडी चालवताना ऐकतात."

कादंबरी संगीत नाटकांवर होती. पुलगावची कापड गिरणी जोरात चालायची त्या काळातली. केतकी नावाची एक मुलगी वडिलांच्या हौशी नाटक मंडळीत नायिकेच्या भूमिका करते. तिच्या पदांना वन्समोअर मिळतात, आर्वी-देवळीहून लोक बैलगाड्या जुंपून ऐकायला येतात. मग एका कापड दुकानदाराशी तिचं लग्न होतं आणि तो तिचं गाणं बंद करतो. दुपारी घरात कोणी नसलं की केतकी धान्याच्या रिकाम्या कोठीत तोंड घालून हलक्या आवाजात गाते. पुस्तक तिथंच संपतं.

पहिली मुलाखत वर्ध्यातल्याच एका छोट्या केंद्रावर झाली. मुलाखतकाराने पुस्तक अर्धंच वाचलेलं होतं. त्याने शेवटी विचारलं, "हे खरं घडलेलं आहे का?" रीता म्हणाली, "नाही. कादंबरी आहे." कार्यक्रम भर दुपारी लागला. तिच्या नवऱ्याने ऐकला, आणि शेजारच्या एका बाईने.

दुसऱ्या मुलाखतीत, नागपुरात, हाच प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "थोडं खरं, थोडं रचलेलं." समोरचे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. उरलेला सगळा वेळ त्यांनी खऱ्या भागाबद्दलच विचारलं. संगीत नाटकं विदर्भात कशी आली, पायपेटी कोण वाजवायचं, याची तिने केलेली तयारी तशीच राहिली.

तिसरी मुलाखत नागपूरच्याच एका खासगी रेडिओ वाहिनीवर होती. निवेदिका अंकिता, पंचविशीतली, बोलायला चटपटीत. माईक सुरू होण्याआधी ती म्हणाली, "मॅडम, नाट्यपदं आमच्या लिसनर्सना माहीत नाहीत. ती बाई सांगा. ती कोठीवाली. ती खरी आहे का?"

"माझी आत्या," रीता म्हणाली.

"हयात आहेत?"

"हो. पुलगावला असते."

"मग हेच बोलू या."

आणि ते तेच बोलले. आत्याचं नाव रीताने घेतलं नाही. तिच्या यजमानांचं कापडाचं दुकान आहे एवढं सांगितलं. कोठीचा प्रसंग अंकिताने वाचून दाखवायला लावला आणि नंतर त्याखाली बासरी घातली. हा तुकडा मोबाइलवरून फिरत गेला. महिला मंडळांच्या गटांवर गेला, शिक्षकांच्या गटांवर गेला. प्रकाशकांनी दुसरी आवृत्ती काढायला घेतली. अमरावतीहून, यवतमाळहून बोलावणी आली, आणि प्रत्येक ठिकाणी आत्याबद्दल विचारलं गेलं. रीताला आता तो प्रश्न सोपा जाऊ लागला होता.

ती खोटं बोलत होती असं तिला वाटत नव्हतं. कोठी तिने रचलेली होती, पण बाकीची हकिकत तिने लहानपणापासून ऐकलेली होती. तिचे आजोबा हिरालाल पुलगावला धान्याचं दुकान चालवायचे आणि त्याहून मन लावून नाटक मंडळी चालवायचे. मुलगी सुलोचना त्यांची नायिका. तिचं लग्न गावातच मधुकरराव सुरकारांशी झालं. पुढच्या गणपतीतल्या नाटकासाठी हिरालाल तिला न्यायला गेले, तर जावई दारातच उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या घरच्या बाया तोंडाला रंग लावत नाहीत. हिरालाल परत फिरले. नंतर ते वीसेक वर्षं जगले, पण लेकीच्या घरी पाणी प्यायले नाहीत. मंडळी बुडाली ती जावयाने बुडवली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रीताचे वडीलही हेच सांगत आणि सांगताना मधुकररावांचं नाव घेत नसत, 'दुकानदार' म्हणत. कोणी कधी याला नाही म्हटलं नव्हतं. आत्याला रीताने विचारलं नव्हतं. जुनी जखम कशाला उकरायची, असं तिने ठरवलं होतं. लिहायलाही ते सोयीचं होतं.

मार्चमध्ये प्रफुलचा फोन आला. प्रफुल आत्याचा मुलगा, आता दुकान तोच बघायचा.

"रीताताई, कामात आहे का?"

"नाई, बोल."

"बाबा दुकानात येऊन नाई राह्यले. दोन हप्ते झाले."

"तब्येत?"

"तब्येत बरी आहे. एक बाई आलती कापड घ्याले. तिनं सगळ्याइच्या समोर इचारलं, काकाजी, आता तरी बाईले गाऊ देता का? ती हसतच बोलली. बाबा बी हसले. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाई." पुढे तो म्हणाला, "मी तुले काही म्हणून नाई राह्यलो. एक डाव येऊन जाय फक्त."

त्या रविवारी रीता रेल्वेने पुलगावला गेली. स्टेशनवरून पायी जाताना दुकान लागतं. तिथे प्रफुल गिऱ्हाइकात होता, त्याने मान हलवली. ती मागच्या गल्लीतून घरी गेली. मधुकरराव पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. आत्याच्या नवऱ्याला त्यांच्याकडे मामाजी म्हणायची रीत. ती वाकून पाया पडल्यावर ते म्हणाले, "आली का. बस. पाणी आण वं रीतासाठी."

सुलोचनाबाई पाणी घेऊन आल्या. ठेंगण्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पाणी देऊन त्या तिथेच दिवाणावर बसल्या.

रीता म्हणाली, "मामाजी, तुमचं नाव मी कुठंच घेतलं नाई. कादंबरीतला माणूस तुम्ही नाई."

"मले मालूम आहे," मधुकरराव म्हणाले. "पण पुलगावात नाटकवाली एकच होती, अन् तिचा नवरा बी एकच." त्यांनी पेपरची घडी केली. "राहू दे. तुह्या आज्यानं हेच सांगतलं जिंदगीभर. तू ते छापलं. त्यात तुही चूक नाई."

एवढं बोलून ते उठले आणि मागच्या अंगणात गेले. तिथल्या नळाला पाणी आलं होतं. बादली भरण्याचा आवाज येऊ लागला.

सुलोचनाबाईंनी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "त्याइनं मले नाई नव्हतं म्हटलं."

"म्हणजे?"

"गाण्याले. मीच त्याइले म्हटलं होतं, बाबा येतीन तर तुम्ही नाई म्हणा. माह्यं नाव सांगू नोका."

रीताला आधी नीट कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. सुलोचनाबाईंनी पुन्हा तेवढंच सांगितलं आणि मग, विचारल्याशिवाय, पुढचंही सांगितलं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. दळण कुठून आणलं ते सांगावं तसं सांगितलं.

"मले गाणं आवडे नाई, रीता. गळा होता. गळा असला म्हणजे आवड असतेच असं सगळ्याइले वाटते. मी शाळेत जात होती तवापासून बाबा पहाटे उठवत, तंबोऱ्यापाशी बसवत. मारलं कधीच नाई. कौतुकच करत. मी नाई म्हटलं असतं तर रडले असते, म्हणून मी नाई म्हटलंच नाई. नाटकाच्या दिवशी पोटात मुरडा येये. लोक म्हणत, पोरगी गाताना देहभान विसरते. मी काहीच इसरत नव्हती. आता किती पदं राह्यली, हेच मोजत राहो."

"आणि वन्समोअर?"

"वन्समोअर आला की वाटे, मेली आता. पुन्हा पहिल्यापासून."

रीताला हसू आलं आणि तिने ते दाबलं. आत्या हसत नव्हती.

"लगन जमलं तवा मले एवढाच आनंद झाला की आता सुटली. मंग भाद्रपद आला अन् बाबाचा निरोप आला. मी ह्याइच्या पाया पडली. म्हटलं, तुम्हाले नाई म्हणता येते, मले नाई येत. जावई खराब निघाला तर बाप सहन करते. पोरीले गाणंच नाई आवडत म्हटलं तर त्याच्या सगळ्या जन्माचं मातेरं होते."

"मग ते बायांनी रंग लावायचं वाक्य?"

"ते मीच शिकवलं. नाटकातलंच होतं, दुसऱ्या कोण्या नाटकातलं. ह्याइले बोलता येत नव्हतं. दोनदा घोकून घेतलं."

मागे नळ बंद झाला. मधुकरराव मात्र आत आले नाहीत.

रीता म्हणाली, "आत्या, बुधवारी नागपूरला परत मुलाखत आहे, त्या बासरीवाल्या वाहिनीवरच. थेट कार्यक्रम, लोक फोन करतात. मी सांगून टाकते. जे आहे ते."

"तू सांगशीन तर लोक म्हणतीन, घरच्याइनं दाबलं म्हणून पलटली." सुलोचनाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "गाडी जाते का तुही नागपूरले?"

"जाते."

"मले घेऊन चाल."

रीताने सुचवलं की फोनवरून बोलता येईल, एवढ्या दूर यायची गरज नाही. सुलोचनाबाई म्हणाल्या, फोनवर कोणीही सुलोचना होऊ शकते.

मधुकररावांना हे मान्य नव्हतं. संध्याकाळी प्रफुल घरी आला तेव्हा ते त्याच्यासमोर एवढंच म्हणाले, "मेलेल्या माणसाचं नाव कायले काढता?" सुलोचनाबाईंनी उत्तर दिलं, "मेलेल्याचं राखलं. आता जित्याचं राखतो." त्यांनी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही.

बुधवारी प्रफुलने आईला गाडीने सिंदी मेघेपर्यंत सोडलं, तिथून रीता आणि तिचा नवरा अंकुश यांनी पुढे नेलं. केळझरला सुलोचनाबाईंनी गाडी थांबवायला लावली, गणपतीचं दर्शन घेतलं आणि पुढे बुटीबोरीपर्यंत झोपल्या. रीता जागी होती. काय बोलायचं याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य तिला आपल्या बाजूने झुकलेलं वाटत होतं.

अंकिताला आधी कळवलं नव्हतं. आत्या आली आहे हे पाहून तिला इतका आनंद झाला की तिने ताबडतोब तिसरी खुर्ची आणि आणखी एक माईक मागवला. "खरी केतकी," ती तांत्रिक खोलीतल्या माणसाला काचेतून म्हणाली. सुलोचनाबाईंना कानावर हेडफोन नको होते, त्यांनी ते गळ्यात घालून घेतले.

कार्यक्रम सुरू झाला. अंकिताने प्रस्तावना केली, बासरी वाजली, आणि तिने विचारलं, "आजी, इतकी वर्षं मनात गाणं दाबून ठेवताना काय वाटायचं?"

रीता मध्येच बोलली. "त्याआधी मला एक सांगायचं आहे. मी आजवरच्या मुलाखतींमध्ये जे सांगितलं ते ऐकीव होतं. मी आत्याला विचारलं नव्हतं."

"बोलू द्या ना आजींना," अंकिता म्हणाली.

सुलोचनाबाई माईककडे न बघता अंकिताकडे बघत बोलल्या. "मी दाबलं नाई काही. गाणं मीच सोडलं. मले आवडत नव्हतं. माह्या वडिलाइले वाईट वाटीन म्हणून मी माह्या नवऱ्याच्या नावावर टाकलं. त्याइनं ते अंगावर घेतलं अन् कोणाले सांगतलं नाई. पुस्तकातली बाई मी नाई. ती चांगली गाते. तिचा नवरा बी कोणी दुसरा आहे. माह्या नवऱ्याले कोणी काही म्हणू नये."

अंकिता क्षणभर गप्प राहिली. रेडिओवर क्षणभर फार असतो. मग ती म्हणाली, "किती ग्रेट आहे हे! पण आजी, आज या निमित्ताने, आमच्या श्रोत्यांसाठी दोन ओळी?"

"नाई."

"एकच ओळ? आता तर कोणी अडवणारं नाही."

"तवा बी नव्हतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मले गायचं नाई."

अंकिताने काचेकडे पाहिलं आणि एक सिनेमाचं गाणं लागलं. गाण्यानंतर दोन फोन घेतले. एका बाईने उमरेडहून विचारलं, पुस्तक कुठे मिळेल. दुसरा फोन एका गृहस्थाचा होता. त्यांनी आपल्या वडिलांनी आपल्याला तबला शिकवला त्याबद्दल बरंच सांगितलं. आपल्याला तबला आवडत होता की नव्हता हे आपण कधी ठरवलंच नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

या कार्यक्रमाचा तुकडा फिरला नाही. वाहिनीने तो मोबाइलवर टाकलाच नाही. जुना, बासरीचा, मात्र फिरत राहिला. दुसरी आवृत्ती निघाली आणि पुढे मागणी मंदावली. यवतमाळच्या आयोजकांनी कार्यक्रम पुढे ढकलला आणि नंतर कळवलं नाही. प्रकाशक रीताला म्हणाले, "तुम्ही स्वतःच शेवट मोडला." तिने वाद घातला नाही. कादंबरी तिने बदलली नाही. तिसऱ्या आवृत्तीची वेळ आलीच तर सुरुवातीला चार ओळी घालायच्या, एवढं तिने ठरवलं आणि त्या चार ओळी तिला अजून जमलेल्या नाहीत.

पुलगावात मात्र कार्यक्रम ऐकला गेला होता. प्रफुलने तो दुकानात मोबाइलवर लावला होता, मोठ्याने. दोन-तीन गिऱ्हाइकं होती. गाव लहान आहे, बाकीचं आपोआप झालं.

पुढच्या महिन्यात उन्हाळी सुट्ट्या लागल्यावर रीता पुन्हा गेली. मधुकरराव गादीवर बसलेले होते, पुढ्यात परकराच्या कापडाचे ठाण. प्रफुल माल आणायला गेला होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी तिला शेजारी बसायला सांगितलं आणि समोरच्या टपरीवर हात करून चहा मागवला.

"आता बरं वाटते ना, मामाजी?"

"येऊन राह्यलो दुकानात," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता लोक मले देवमाणूस म्हणून राह्यले. काल मिलच्या कॉलनीतला एक जण हात जोडून गेला."

"खरंच आहे की ते."

"ते बी खोटंच." त्यांनी ठाणाचं एक टोक उलगडलं आणि परत गुंडाळलं. "मी तिचं गाणं ऐकूनच लगन केलं होतं. माह्या बापाले ते घर पसंत नव्हतं. नाटकवाल्याइची पोरगी म्हणत. मी हट्ट केला. वाटलं, घरात रोज ऐकाले भेटीन. अन् लग्नाले वर्ष नाई झालं तर ही पाया पडून म्हणते, मले वाचवा."

रीता गादीवर जरा पुढे सरकली.

"मी नाई म्हटलं तिच्या बापाले. पण तिच्याशी दोन वर्षं धड बोललो नाई. जेवाले वाढलं तर जेवो, नाई तर उठून दुकानात. ते तिनं रेडिओवर नाई सांगतलं."

"राग होता?"

"राग नाई. मले वाटे, मी तिले एक गोष्ट देली, तर तिनं मले एक पद तरी द्यावं. एकटं. कोणाले नको सांगू. मी मांगतलं बी एकदा, प्रफुल पोटात होता तवा. तिनं गाऊन दाखवलं. खरं सांगतो, मले ते ऐकवलं नाई. गळा तोच, पण समोर बसून पाह्यलं तर तिच्या कपाळावर घाम. मांडवात मी दूर बसत होतो, दिसत नव्हतं. मीच म्हटलं, पुरे कर."

टपरीवरून चहा आला. त्यांनी आपला कप बशीत ओतला.

"मंग?" रीताने विचारलं.

"मंग काई नाई. बोलाले लागलो. ती बी बोलाले लागली. कधी नागपूरले नाटक आलं तर मी एकटा जाऊन पाहून येवो. ती डबा बांधून दे."

हे लिहू का, असं विचारायचं रीताच्या तोंडावर आलं होतं. तिने विचारलं नाही. त्यांनीही त्याबद्दल काही म्हटलं नाही, म्हणजे लिही असंही नाही आणि लिहू नको असंही नाही. बशीतला चहा संपवून त्यांनी धोतराच्या सोग्याने मिशा पुसल्या.

तेवढ्यात दारात दोन बायका आल्या, सासू-सून असाव्यात. सुनेला अस्तराचं कापड हवं होतं, हातात ब्लाउजपीस होता, त्याच्या रंगाशी जुळणारं. मधुकररावांनी ब्लाउजपीस घेतला, उजेडात धरला आणि मागच्या फळीवरून तीन ठाण काढले. सासूने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण विचारलं काही नाही. सून म्हणाली, यातलं कोणतं टिकतं? ते म्हणाले, मधलं घ्या, धुतल्यावर आटत नाई.

रीता उठली आणि आत्याला भेटायला मागच्या गल्लीने घरी गेली.